सव्वाशे रेशमी गुच्छ

शनिवार, ता. ११ एप्रिल १९४२. लोणावळे.

मूर्खपणा झाला. तो माझ्याकडून झाला, म्हणून नोंद सविस्तर.

लग्नाची याद, म्हणजे अटींची यादी, करण्यासाठी तळेगावचे केशवराव वकील आज आले होते. माझी नात नीरजा त्यांची सून व्हायची आहे. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत, मुहूर्त सात मेचा. त्यापुढे अधिक ज्येष्ठ लागतो, त्यामुळे झाडून सारी लग्ने वैशाखात कोंबली गेली आहेत. मानपान, पंगती, वऱ्हाडाची उतरण्याची सोय ही कलमे तासाभरात उरकली. दोन राहिली. एक, पानसुपारीचे गुच्छ. दुसरे, नीरजाचे कॉलेज.

गुच्छांविषयी मी माझी बाजू क्रमाने मांडली. पुण्याहून फुलांच्या पाट्या येत नाहीत, कारण गाडीत लष्करी मालाला आधी जागा. इथले बंगले बॉम्बच्या भीतीने आलेल्या मुंबईकरांनी भरले आहेत आणि बागांत कळी म्हणून शिल्लक नाही. जी फुले मिळतील ती माझ्या पेन्शनीला झेपणार नाहीत. सबब पानसुपारीच्या वेळी प्रत्येक पाहुण्याच्या हाती जो गुच्छ द्यायचा, तो रेशमी कापडाचा आणि घरी केलेला असेल.

"कापडाचे गुच्छ!" केशवराव हसले. "शास्त्रीबुवा, लोक नावे ठेवतील हो."

"एकही ठेवणार नाही."

"आणि ठेवलेच एकाने?"

"तर तुम्ही म्हणाल ते!"

वकिलासमोर हे वाक्य उच्चारू नये. मी चाळीस वर्षे मुलांना न्यायशास्त्र शिकवले. 'एकही नाही' अशी प्रतिज्ञा करणाऱ्याला एकच उदाहरण बुडवते, हे पहिल्याच वर्षी सांगत असे. केशवरावांनी विडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि म्हणाले — "मग दोन्ही कलमे एकत्र बांधू. एकाही पाहुण्याची तक्रार आली नाही, तर सूनबाई जूनपासून पुण्याला कॉलेजात. बी. ए. होईपर्यंत दोन्ही वर्षांची फी मी भरीन. एक जरी तक्रार आली, तर कॉलेज बंद."

मी 'मान्य' म्हणालो. कलम यादीत लिहिले. अक्षर माझेच आहे, आणि दुर्दैवाने अत्यंत सुवाच्य आहे.

रविवार, १२ एप्रिल.

नीरजा काल इंटरची परीक्षा देऊन आली. आज सकाळी तिने याद वाचली. दुपारी बोलली.

"आजोबा, माझं बी. ए. तुम्ही चिंधीच्या फुलाला टांगलंत!"

मी म्हटले, पैज जिंकण्यासारखी आहे.

"मग स्वतःचं काहीतरी लावायचं होतंत!"

तिचे आईवडील गेल्यापासून सोळा वर्षे ही मुलगी माझ्याजवळ आहे. वाद कसा करावा हे तिला मीच शिकवले. शिक्षणाचा परिणाम दिसतो आहे.

मंगळवार, १४ एप्रिल.

ट्रंक उघडली. सोवळ्याचे तीन पांढरे रेशमी मुकटे, एक पीतांबर आणि सात शेले. शेले निरनिराळ्या सभांत वाद जिंकल्याबद्दल मिळालेले. जांभळा वाईचा, लाल सांगलीचा, मोरपंखी इंदूरचा, बाकीचे त्याहून कमी मानाचे. मुकटे आणि पीतांबर कापावयास दिले.

"आणि शेले?" नीरजाने विचारले.

"शेले नाहीत."

"का?"

"कारण विचारण्याचा अधिकार पूर्वपक्षाला असतो. तू माझ्या पक्षाची आहेस."

ती हसली. बारा तारखेनंतर प्रथमच.

शेजारच्या शालूबाई डोकावून म्हणाल्या, मंगलकार्यात खोटी फुले कशी चालतील? मी विचारले, नवऱ्याच्या कपाळावरचे बाशिंग भेंडाचे आणि बेगडाचे असते, त्यातली फुले कोणत्या मळ्यातली? शालूबाई "बाई बाई!" म्हणून गेल्या. जाताना वाटीभर साखर मागून नेली. पराभूत पक्षाने काही मागून नेल्याचा माझ्या आठवणीतला हा पहिलाच प्रसंग.

गुरुवार, १६ एप्रिल.

मळवलीहून झुंबरबाई आल्या. आम्हाला वर्षाचा तांदूळ पुरवणारे बेडशाचे कोंडाजी आबा यांची ही लेक. लग्न होईपर्यंत राहणार. भातलावणीने तयार झालेली बोटे — शंभर रोपे मोजून दे म्हटले तर न मोजता देतील.

कृती ठरली ती अशी. रेशमाला तांदळाच्या पातळ पेजेची खळ द्यायची आणि ते पाटावर ताणून वाळवायचे. कागदी नमुन्यावरून पाकळ्या कापायच्या. मग पाकळी कापसाच्या उशीवर ठेवून तापल्या धातूने मध्यभागी दाबायची, म्हणजे तिला खोलगटपणा येतो. देठाला तार हवी. तार लढाईवर गेली आहे. म्हणून खराट्याचे हीर. एका गुलाबाला अकरा पाकळ्या. सव्वाशे गुलाबांना एक हजार तीनशे पंच्याहत्तर. प्रत्येक गुच्छात एक गुलाब, एक कळी, दोन पाने, वर जरीचा धागा.

तापवायला गोल बुडाचे काही सापडेना. थोड्या वेळाने पाहतो तो माझी संध्येची पळी निखाऱ्यावर!

"झुंबरबाई! ती पळी आचमनाची आहे!"

"आवो आबा, पळीला काय कळतंय, पानी हाय का पाकळी?"

युक्तिवादातला हेतू दुर्बळ आहे. पण पाकळी उत्तम आली.

शनिवार, १८ एप्रिल.

अक्षय्य तृतीया. फुले तीन. पोळलेली बोटे चार — सर्व माझी.

सोमवार, २० एप्रिल.

तपासणीचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. पाकळ्यांची दुमड एकाच दिशेने असावी, कड उसवलेली नसावी, गुलाब देठावर डुलू नये. आज पंधरा आले. अकरा नापास केले.

झुंबरबाईंनी नापासांची पाटी उचलून नीरजापुढे धरली. "घ्या ताई. निम्मी शाळा घरी बसली बगा." आणि मला — "पाकळी हाये ती, पोथी न्हाई. लय वाचू नगा."

नीरजाने विचारले, नापासांतले कोणते पाहुण्याला खटकेल? मी एकेक उचलून दोष सांगू लागलो. सातव्यापर्यंत पोचलो तेव्हा ध्यानात आले की मी दोन वेळा पास झालेल्या पाटीतले फूल उचलले होते, आणि त्यातही दोष सांगितला होता. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. हसू आवरणारी माणसे अशीच दिसतात.

अकरापैकी नऊ पास केले.

गुरुवार, २३ एप्रिल.

पांढरी फुले पुष्कळ झाली, रंग हवा. जर्मन रंग बाजारातून नाहीसा झाला आहे. हौशीराम दुकानदाराकडे रंगपंचमीतला उरलेला गुलाबी पुडा मिळाला.

"टिकेल का?" नीरजाची शंका.

मी निरसन केले. दोन वर्षांपूर्वी रंगपंचमीला गल्लीतल्या पोरांनी माझ्या धोतरावर हाच रंग टाकला. धोतर आठ वेळा धुतले. डाग आजही आहे. जो रंग जावा अशी इच्छा असताना गेला नाही, तो राहावा अशी इच्छा असताना कसा जाईल?

"आजोबा, धोतर सुती होतं."

"मग?"

"फुलं रेशमी आहेत."

ही शंका मी क्षुल्लक मानली. ऐंशी गुलाब रंगवले. वाळत घातले तेव्हा अंगण असे दिसत होते, की रस्त्याने जाणारी एक मुंबईची बाई फाटकाशी थांबून दर विचारू लागली.

सोमवार, २७ एप्रिल.

केशवराव आले. पानसुपारीसाठी घरची चांदीची गुलाबदाणी आमच्याकडे पोचवावी, हे निमित्त. खरा हेतू गुच्छ पाहण्याचा. पाहिले. चेहरा पडला! मला तो क्षण अत्यंत गोड वाटला, हे इथे लिहायला हरकत नाही.

"सुरेख आहेत हो. आता पाहुण्याचा अनुभव घेऊ." त्यांनी एक गुलाब कोटाला खोचला, गुलाबदाणी उचलली, आणि रीतीप्रमाणे स्वतःच्याच अंगावर गुलाबपाणी शिंपडले.

पहिला थेंब पाकळीवरून गुलाबी होऊन खाली आला. मग दुसरा. मग पांढऱ्या कोटावरून खिशापर्यंत एक ओहोळ! झुंबरबाईंनी तोंडाला पदर लावला. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. साठ वर्षे माझ्या अंगावर पडत आले आहे. तरी सगळ्या विचारात ते एकदाही आले नाही.

"शास्त्रीबुवा, ही तक्रार धरू का?"

"धरता येणार नाही. यादीत 'पाहुणा' शब्द आहे. तुम्ही पाहुणे नाही, पक्षकार आहात."

"वा! आणि माझा कोट?"

"कोट हा साक्षीदार. तो फितूर झाला."

केशवराव पोट धरून हसले. चहा घेतला, तसल्याच कोटाने स्टेशनवर गेले. जाताना फाटकाशी हळू आवाजात म्हणाले — "अजूनही पैज मोडू शकता. मी काही राक्षस नाही. पण घरात माझी बायको आणि आई, दोघी सून घरात राहील म्हणून वाट पाहत आहेत. त्यांना मी काय सांगू? तुमची पैज हरलो असे सांगता आले, तर कोणी काही बोलणार नाही."

म्हणजे त्यांनाही हरायचे आहे! मात्र प्रामाणिकपणे हरायचे आहे.

मंगळवार, २८ एप्रिल.

ऐंशी गुलाब वाया. नऊ दिवस हाती. मुकटे संपले, पीतांबर संपला.

नीरजाने नापास फुलांची पाटी परसात नेऊन ठेवली आणि ती भांडी घासायला बसली. भांड्यांचे काम झुंबरबाईंचे होते.

शेले बाहेर काढले. विणतानाच पक्के रंगवलेले रेशीम. भिजवून, पिळून, पांढऱ्या फडक्यात दाबून पाहिले. डाग नाही. आता मी आधी प्रयोग करतो आणि मग सिद्धांत मांडतो.

बुधवार, २९ एप्रिल.

कात्री मीच चालवली. पहिला सांगलीचा लाल.

"हा कोणत्या वादाचा?" नीरजा.

"शब्द नित्य की अनित्य. तीन दिवस चालला होता."

"कसा जिंकलात?"

सत्य सांगितले. प्रतिपक्षाचा तिसऱ्या दिवशी घसा बसला. अध्यक्षांनी त्यांचे मौन ही मान्यता धरली. मी हरकत घेतली नाही. ही गोष्ट बत्तीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती.

नीरजा इतकी हसली की कात्री खाली ठेवावी लागली. "म्हणजे पडशाचा शेला!" झुंबरबाईंना अर्थ समजावून सांगितला गेला, तेव्हा त्याही. "मंग लगीच कापा त्यो. लागट असतंय पडसं."

जांभळ्याच्या वेळी मात्र कोणी हसले नाही. तो मी खरोखर जिंकलो होतो. मऊ होता. पाकळ्या सर्वांत चांगल्या त्याच्याच झाल्या.

शुक्रवार, १ मे.

नीरजाचा प्रस्ताव — प्रत्येक फुलाला अत्तराचा एक फाया लावू. मी नाकारला.

"रेशमी फुलाला वास नाही, ही उणीव. त्याला वास लावला, तर लबाडी. आपण कापडाचे फूल कापडाचे म्हणून देतो आहोत."

"पण कोणी म्हटलं, वास नाही?"

"डोळ्यांना दिसते आहे की रेशीम आहे. रेशमाचा वास कोण मागेल?"

"तुमच्या वाक्यात 'कोण' आला की मला भीती वाटते, आजोबा."

रीतीप्रमाणे अत्तर पाहुण्यांच्या मनगटाला लावायचे, फुलाला नाही. ठरले.

मंगळवार, ५ मे.

सव्वाशे पूर्ण! शेवटचा गुच्छ झुंबरबाईंनी बांधला. मी तपासला. दोष सापडला नाही. दुसऱ्यांदा तपासला.

"काय गावलं का, आबा?"

"नाही."

"आता ऱ्हाऊ द्या. तिसऱ्यांदा बगितलं तर ते फूलच कोमंजायचं."

सात शेल्यांपैकी एकही उरला नाही. रिकामी ट्रंक नीरजाच्या पुस्तकांसाठी दिली.

गुरुवार, ७ मे.

लग्न लागले. बाकी उद्या लिहीन.

शुक्रवार, ८ मे.

काल दुपारनंतर पानसुपारी. मी मांडवाच्या दाराशी ताटाजवळ स्वतः उभा राहिलो, कारण ऐकायचे होते. नीरजाने निवडलेला क्रम — लाल, मोरपंखी, जांभळा. गुलाबपाणी शिंपडले गेले. एकही थेंब रंगला नाही.

ऐकलेले शब्द मी लक्षात ठेवले आहेत. रेल्वेतले एक साहेब — "फार नाजूक काम." तळेगावच्या एक बाई — "माझ्या अंबाड्यात खोवून द्या हो, सुकत नाही म्हणजे महिनाभर वापरीन." शालूबाई आपल्या जावेला — "आमच्या शेजारी झालेत. मी रोज बघत होते." एका मुलीने दोन घेतले, मी पाहिले नाही असे दाखवले. केशवराव दुरून दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बोट वर करून विचारीत, आणि मी मान हलवून 'नाही' म्हणत असे. शंभर झाले. एकशे दहा झाले.

मग कोंडाजी आबा आले. बेडशाहून पायी, नवे धोतर, पागोटे. मी गुच्छ हातात दिला. त्यांनी तो नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग माझ्याकडे पाहिले.

"शास्त्रीबुवा, ह्याला वास न्हाई व्हय?"

"रेशमाचा आहे, आबा."

"त्ये कळलं. पर वास न्हाई तं फूल कशाचं? येवडं लांब आलो, पोरीच्या लग्नातलं फूल म्हाताऱ्या बायकूला न्येईन म्हनलं. तिला दिसत न्हाई आता. ती हुंगती." त्यांनी गुच्छ अगदी सांभाळून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्ये तुमाला ठिवा. राग मानू नगा. चांगलं हाय, पर आमाला उपेग न्हाई."

वाजंत्री चालू होती. दुसऱ्या कोणीही ऐकले नाही. मी त्यांना विडे दिले, नारळ दिला, मनगटाला अत्तर दोनदा लावले. ते संतुष्ट होऊन पंगतीत गेले.

गुच्छ मी अंगरख्याच्या खिशात टाकला. केशवरावांनी दुरून बोट वर केले. मी नारळ मोजतो आहे असे दाखवले.

निघताना नीरजा पाया पडली. "जिंकलो ना आपण?"

मी म्हणालो, "निकाल लेखी होईल."

"म्हणजे जिंकलो!" असे म्हणून टांग्यात बसली.

शनिवार, ९ मे.

केशवरावांचे पत्र. त्यातले शब्द जसेच्या तसे उतरवतो —

"मांडवात मी कोणाकोणाकडे कान देणार? तुम्ही ताटाशी होता. दुसरा साक्षीदार मला नको. तुमच्या तोंडून तीस वर्षांत खोटे ऐकलेले नाही, आणि हे मी घरातही सांगितले आहे. तक्रार आली नसल्यास तेवढे एका कार्डाने कळवा. फी भरून टाकतो. आली असल्यास तेही कळवा. सूनबाईंना मी समजावीन."

रविवार, १० मे.

क्रमाने पाहू.

कोंडाजी पाहुणे होते काय? अक्षत मीच पाठवली. होते.

ते बोलले ती तक्रार होती, की नुसता प्रश्न? प्रश्न आणि तक्रार यांत भेद दाखवता येतो. अशा भेदांवर मी चाळीस वर्षे पोट भरले. पण प्रश्न विचारणारा गुच्छ परत करीत नाही. तक्रारच होती.

ती अयोग्य होती काय? नाही. सव्वाशे जणांत फुलाकडून फुलाची अपेक्षा केलेला एवढा एकच माणूस निघाला.

कोंडाजींना भेटून शब्द परत घ्यायला लावता येईल असा एक विचार सकाळी आला. विचाराची लाज वाटली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दुपारी झुंबरबाई मळवलीला परत गेल्या. त्यांना काही सांगितले नाही. शालूबाईंच्या परसात मोगऱ्याला चार कळ्या आल्या होत्या, त्या मागून पानात बांधून दिल्या. म्हटले, बेडशाला आईकडे पोचवा.

"आन् ह्ये कशापायी, आबा?"

"कोंडाजी आबांचा एक गुच्छ द्यायचा राहिला होता."

कार्ड दोनदा लिहायला बसलो. 'एक तक्रार' एवढे शब्द लिहून झाले. ते कार्ड फाडले. घरात इतकी शांतता आहे की फाडल्याचा आवाज मोठा वाटला.

मंगळवार, १२ मे.

केशवरावांना कार्ड टाकले. दोन वाक्ये. एक — नीरजाची पुस्तके ट्रंकेतून उद्याच्या गाडीने पाठवीत आहे. दुसरे — एकाही पाहुण्याची तक्रार नाही.

पहिले वाक्य खरे आहे.